‘एक खटला टाका, स्टेडियम थांबेल’: अमेरिकेतल्या स्टेडियमच्या पैशांबद्दल फिरणाऱ्या दाव्याला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर मराठी घरांत फिरतो आहे, इथेही आणि अमेरिकेत राहणाऱ्यांमध्येही. त्याचा गाभा असा: ‘अमेरिकेत खासगी क्लबच्या स्टेडियमवर जनतेचा पैसा खर्च करणं घटनाबाह्य आहे. कुठलाही करदाता कोर्टात गेला की काम थांबतं. राज्यांच्या घटनांत खासगी माणसाला खैरात द्यायला सक्त मनाई आहे. सार्वमत घेतल्याशिवाय कर्ज काढता येत नाही. आणि करार तोट्याचा निघाला तर कोर्ट तो मोडून टाकतं. आपल्याकडे मात्र कोणी विचारत नाही.’

यामागची चीड समजण्यासारखी आहे. अब्जाधीश मालकाच्या संघासाठी हॉटेलातल्या जेवणावर कर लावला जातो, तेव्हा राग यायलाच हवा. पण या मजकुरावर विसंबून कोणी लढायला उतरलं, तर चुकीच्या कोर्टात, चुकीचा मुद्दा घेऊन आणि बहुतेक वेळा मुदत उलटल्यावर पोहोचेल. अमेरिकेत आता हजारो मराठी कुटुंबं घरपट्टी आणि विक्रीकर भरतात, त्यांच्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनात) असे प्रस्ताव येतात. म्हणून एकेक वाक्य तपासून पाहू.

‘हे घटनाबाह्य आहे’

या वाक्याला आधार म्हणून १८७४ चा एक निकाल दाखवला जातो. कॅन्ससमधल्या टोपेका शहराने लोखंडी पुलांचा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून एक लाख डॉलरचे रोखे (कर्जाचे बाँड) दिले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण कर सार्वजनिक कामासाठीच लावता येतो आणि खासगी कारखाना हे सार्वजनिक काम नव्हे. निकाल खरा आहे, पण तो घटनेच्या एखाद्या नेमक्या कलमावर उभा नव्हता, करआकारणीच्या सर्वसाधारण तत्त्वावर उभा होता. पुढे १९२० साली नॉर्थ डकोटा राज्याने सरकारी बँक आणि पिठाची गिरणी काढली, तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक काम कोणतं हे त्या राज्याचे लोक, विधिमंडळ आणि न्यायालयं ठरवतील, आम्ही सहसा मध्ये पडणार नाही. २००५ च्या केलो खटल्यात तर आर्थिक विकासासाठी खासगी घरं संपादित करणंसुद्धा ‘सार्वजनिक उपयोग’ मानलं गेलं. स्टेडियमला रोखील असं केंद्रीय घटनेत आता फारसं काही उरलेलं नाही.

राज्यांच्या न्यायालयांत प्रश्न ‘सार्वजनिक प्रयोजन’ या कसोटीवर येतो, आणि तिथला कौल एकतर्फी आहे. न्यू जर्सीत १९७२ साली मेडोलँड्स क्रीडासंकुल वैध ठरलं, विस्कॉन्सिनमध्ये १९९६ साली मिलवॉकीचं बेसबॉल मैदान वैध ठरलं, जॉर्जियात २०१५ साली अटलांटा ब्रेव्ह्जचं मैदान वैध ठरलं. करमणूक, रोजगार, पर्यटन, शहराचा लौकिक, यांतलं काहीही विधिमंडळाने कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिलं की न्यायाधीश ते सहसा मान्य करतात.

सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. स्टेडियममुळे शहराचं उत्पन्न खर्चाच्या मानाने वाढत नाही, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये इतकं एकमत आहे की तसं एकमत त्यांच्यात क्वचितच दिसतं. याचिकाकर्ते या अभ्यासांचे गठ्ठे घेऊन कोर्टात जातात. न्यायाधीश मात्र निर्णय शहाणपणाचा आहे का हे तपासत नाहीत. असा निर्णय घेणं सर्वस्वी अतार्किक म्हणता येईल का, एवढंच पाहतात. अभ्यासगट विरुद्ध अभ्यासगट असा वाद उभा राहिला की विधिमंडळ जिंकलं. तो गठ्ठा कोर्टापेक्षा काउंटीच्या बैठकीत आणि मतदारांपुढे जास्त उपयोगी पडतो.

‘कुठलाही करदाता कोर्टात जाऊ शकतो’

हे वाक्य बहुधा आपल्याकडच्या अनुभवातून आलं असावं. भारतात १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालानंतर जनहित याचिकेचं दार उघडलं आणि कुणीही जागरूक नागरिक उच्च न्यायालयात जाऊ लागला. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत खेळपट्ट्यांवर पाणी ओतलं जात होतं, तेव्हा लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. म्हणजे ‘आपल्याकडे कोणी विचारत नाही’ हे तर खोटंच. उलट अशी याचिका अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात दाखल झाली असती, तर पहिल्याच पायरीवर अडली असती.

अमेरिकेत दावा लावणाऱ्याला स्वतःचं वेगळं, नेमकं नुकसान दाखवावं लागतं. ‘मी कर भरतो आणि तो वाया जातोय’ हे नुकसान सगळ्यांचं आहे, म्हणून केंद्रीय न्यायालयाच्या लेखी ते कुणाचंच नाही. केंद्र सरकारच्या खर्चाबाबत हा नियम १९२३ पासून आहे. राज्याच्या खर्चाबाबत तो २००६ च्या क्युनो निकालाने पक्का झाला. ओहायोच्या टोलेडो शहरात जीपचा कारखाना वाढवण्यासाठी राज्याने आणि शहराने करसवलती दिल्या होत्या. रहिवाशांनी दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातही लावला नाही आणि करदाता म्हणून तुम्हाला दावा लावताच येत नाही असं सांगून प्रकरण संपवलं. शहराच्या करदात्याला तिथे थोडी वाट आहे, राज्याच्या करदात्याला जवळजवळ नाही.

खरी जागा म्हणजे राज्याचं न्यायालय. बहुतेक राज्यांत करदात्याला तिथे दावा लावता येतो, पण अटी राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात त्या गावात राहणारा आणि तिथे कर भरणारा माणूस बेकायदा खर्च थांबवायला जाऊ शकतो. तिथे मतदार असण्याची अट नाही, ही गोष्ट ग्रीन कार्डवर किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी लक्षात ठेवावी. टेक्सास आणि इंडियानामध्ये दुसरीच अडचण येते. सार्वजनिक रोख्यांना आव्हान देणाऱ्याला, उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीपोटी तारण भरायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. रोखे मोठे असले तर तारणाचा आकडाही मोठा असतो, आणि तो ऐकूनच अनेक दावे मागे घेतले जातात. वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न हाच: या राज्यात मला दावा लावता येतो का, आणि तारण किती पडेल?

‘राज्यघटनांत खैरातीला सक्त मनाई आहे’

हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. एकोणिसाव्या शतकात राज्यांनी आणि काउंट्यांनी कालवे आणि रेल्वेच्या कंपन्यांवर पैसा उधळला. १८३७ च्या मंदीनंतर आठ राज्यांना कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत. त्या चटक्यातून राज्यघटनांमध्ये कलमं आली: खासगी व्यक्तीला किंवा कंपनीला सरकारने देणगी द्यायची नाही, तिचे शेअर घ्यायचे नाहीत, तिच्या कर्जाला आपली पत वापरू द्यायची नाही. या कलमांना आपण सोयीसाठी खैरातबंदी म्हणू. कलमाचे शब्द जवळपास सारखे असूनही दोन राज्यांत त्याचा अर्थ किती वेगळा होतो, ते पाहा.

वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या मतदारांनी, म्हणजे सिॲटल आणि परिसराने, सप्टेंबर १९९५ मध्ये मॅरिनर्स संघाच्या स्टेडियमसाठी वाढीव विक्रीकर अगदी थोड्या मतांनी फेटाळला. ३० ऑक्टोबरपर्यंत पैशांची सोय झाली नाही तर संघ विकायला काढू, असं मालकांनी जाहीर केलं. ऑक्टोबरमध्येच विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं आणि दुसऱ्या करांची मोट बांधली गेली: काउंटीतल्या हॉटेल-बारच्या बिलावर अर्धा टक्का, भाड्याच्या गाड्यांवर दोन टक्के, राज्याच्या विक्रीकरातला छोटासा वाटा आणि लॉटरी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९९६ आणि १९९७ असे दोनदा खटले झाले, दोन्ही वेळा स्टेडियम टिकलं. खैरातीच्या मुद्द्यावर न्यायालयाने विचारलं ते इतकंच: देण्याचा हेतू दान करण्याचा होता का, आणि बदल्यात काही कायदेशीर मोबदला मिळतोय का? संघ ४.५ कोटी डॉलर घालणार होता, वीस वर्षं तिथे खेळण्याचं बंधन पत्करणार होता, भाडं आणि देखभाल सोसणार होता. हा मोबदला पुरेसा आहे की नाही याचा ताळेबंद मांडायला न्यायालयाने नकार दिला. मोबदला आहे, तर दान नाही.

आता ॲरिझोना. फिनिक्स शहराने सिटीनॉर्थ नावाच्या खासगी बाजारसंकुलाला ९.७४ कोटी डॉलरपर्यंत देण्याचा करार केला. बदल्यात वाहनतळातल्या सुमारे तीन हजार जागा लोकांसाठी खुल्या राहणार होत्या. २०१० साली टर्कन विरुद्ध गॉर्डन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक प्रयोजन असणं पुरेसं नाही, दिलेला पैसा आणि मिळालेला मोबदला यांत ढळढळीत तफावत नको. आणि मोबदला म्हणजे काय, तर समोरच्याने कराराने बांधून घेतलेली गोष्ट. ‘यातून विक्रीकर वाढेल, नोकऱ्या येतील, शहराचं नाव होईल’ या अपेक्षा मोबदल्यात धरायच्या नाहीत. स्टेडियमच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आकड्याचा पाया या एका वाक्याने खचतो. न्यायालयाने नियम पुढच्या करारांपासून लावला, म्हणून सिटीनॉर्थ सुटलं. पण २०२१ साली त्याच न्यायालयाने पिओरिया शहराने खासगी विद्यापीठाला आणण्यासाठी दिलेला पैसा याच कसोटीवर घटनाबाह्य ठरवला.

म्हणून ‘खैरातीला मनाई आहे’ एवढं म्हणून भागत नाही. आपल्या राज्याचं न्यायालय मोबदला मोजतं की नुसता आहे का पाहतं, यावर सगळं अवलंबून आहे. मोजणारं असेल तर पहिलं काम: कराराचा मसुदा घेऊन दोन रकाने करा. डावीकडे सरकार देणार ते सगळं लिहा: रोख, जमीन, करमाफी, रस्ते, पोलीस, वाढीव खर्चाची हमी. उजवीकडे फक्त संघाने ‘देईल’ किंवा ‘करील’ अशा बंधनकारक शब्दांत कबूल केलेल्या गोष्टी लिहा. ‘प्रयत्न करील’, ‘अपेक्षित आहे’ ही वाक्यं उजवीकडे घ्यायची नाहीत.

‘सार्वमत घ्यावंच लागतं’

काही ठिकाणी लागतं, आणि लागलं तिथे लोक नाही म्हणतात. मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीने एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या दोन संघांसाठीचा विक्रीकर सुमारे ५८ टक्के मतांनी फेटाळला. ॲरिझोनातल्या टेंपी शहराच्या मतदारांनी मे २०२३ मध्ये हॉकीच्या रिंगणाला नकार दिला. म्हणूनच प्रस्तावाची रचना करणारे वकील सार्वमताची वेळच येणार नाही अशी वाट शोधतात, आणि ती वाट बहुतेकदा कायदेशीर असते.

जॉर्जियाचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. तिथल्या घटनेप्रमाणे काउंटीला कर्ज काढायचं तर मतदारांची परवानगी हवी. पण त्याच घटनेत दोन सरकारी संस्थांना आपसात पन्नास वर्षांपर्यंतचा सेवाकरार करण्याची मुभा आहे. ब्रेव्ह्जच्या मैदानासाठी कॉब काउंटीने स्वतः रोखे काढलेच नाहीत. काउंटीतल्या कोलिझियम प्राधिकरणाने ३९.७ कोटी डॉलरचे रोखे काढले, आणि काउंटीने त्या प्राधिकरणाला दरवर्षी पैसे देण्याचा करार केला. कागदावर काउंटीचं कर्ज शून्य, त्यामुळे सार्वमतही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आयुक्तांनी मान्यता दिली, जून २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रोखे वैध ठरवले, तोवर बांधकाम सुरूही झालं होतं.

याच राज्यात एक टप्पा लोकांच्या नजरेतून हमखास सुटतो, तो म्हणजे रोख्यांना आधीच वैधतेचा शिक्का घेणं. रोखे विकण्याआधी सरकारी वकील स्वतःच न्यायालयात अर्ज करतो, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत सूचना छापून येते, रहिवाशाला त्या सुनावणीत पक्षकार होता येतं. शिक्का बसला आणि अपिलाची मुदत संपली की त्या रोख्यांना पुन्हा कधीही, कुठल्याही मुद्द्यावर आव्हान देता येत नाही. फ्लोरिडातही अशी पद्धत आहे. कॅलिफोर्नियात उलटी वाट आहे: सरकारने शिक्का घेतला नाही, तर विरोधकाला निर्णयापासून साठ दिवसांत स्वतः दावा लावावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी मुद्दा कितीही भक्कम असला तरी ऐकून घेतला जात नाही.

दुसरी वाट ‘तातडीच्या कलमा’ची. वॉशिंग्टनमध्ये सार्वजनिक शांतता, आरोग्य, सुरक्षितता किंवा सरकारी संस्थांच्या आधारासाठी तातडीचा असलेला कायदा सार्वमतासाठी अडवता येत नाही. १९९५ च्या स्टेडियम कायद्यावर विधिमंडळाने तसा शेरा मारला. बेसबॉलच्या मैदानात तातडी कसली, हा प्रश्न घेऊन लोक न्यायालयात गेले. न्यायालयाने विधिमंडळाचा शब्द मानला.

जिथे सह्या गोळा करून सार्वमत मागता येतं, तिथे कागद चुकला तर लढाई संपते. जून २०२३ मध्ये नेवाडाने ओकलंडचा ए’ज संघ लास व्हेगासला आणण्यासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचं सार्वजनिक साहाय्य मंजूर केलं. शिक्षक संघटनेच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या ‘स्कूल्स ओव्हर स्टेडियम्स’ या गटाने त्यातल्या खर्चाच्या कलमांवर सार्वमत मागितलं. त्यांच्या अर्जाला जोडलेला कायद्याचा मजकूर संपूर्ण नव्हता. शिवाय सार्वमताचा परिणाम काय होईल हे जास्तीत जास्त दोनशे शब्दांत सांगायचं असतं, ते वर्णन दिशाभूल करणारं आहे असं जिल्हा न्यायाधीशाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं. मे २०२४ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ते कायम केलं. आमच्या मते अशा अर्जात खर्च वाचवायची सर्वांत वाईट जागा म्हणजे मसुदा लिहिणारा वकील. कायदा चाळीस पानी असला तर चाळीसही पानं जोडावीत आणि सह्यांना हात घालण्याआधी वर्णनाचा शब्दन् शब्द तपासून घ्यावा.

मत देण्याचा अधिकार नागरिकांनाच असतो, पण मत फक्त सार्वमतात लागतं असंही नाही. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळातले सिनेटर जॉर्ज पेटॅक यांनी मिलवॉकीच्या मैदानासाठी पाच काउंट्यांवर ०.१ टक्का कर लावणाऱ्या विधेयकाला ऐनवेळी होकार दिला आणि १९९६ मध्ये मतदारांनी त्यांना मुदतीआधीच पदावरून परत बोलावलं. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीचे महापौर कार्लोस अल्वारेझ यांना २०११ मध्ये ८८ टक्के मतांनी घरी पाठवलं गेलं, त्यात घरपट्टीवाढीइतकाच स्टेडियमचा रागही होता. स्टेडियम मात्र दोन्ही ठिकाणी उभं राहिलं.

‘करार तोट्याचा निघाला तर कोर्ट तो मोडतं’

नाही. सरकारने केलेला वाईट करारही करारच असतो, आणि रोखे विकत घेतलेल्या तिऱ्हाईताचे पैसे बुडवायला कुठलंही न्यायालय तयार नसतं.

ओहायोतल्या हॅमिल्टन काउंटीने १९९६ साली अर्धा टक्का विक्रीकर लावला आणि १९९७ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या फुटबॉल संघाशी भाडेकरार केला. त्यात नव्या-नव्या यंत्रणा बसवून देण्याचं ओझंही काउंटीवर होतं, पुढेमागे निघणाऱ्या होलोग्राफिक रिप्लेपर्यंत. विक्रीकराची वसुली अंदाजापेक्षा कमी झाली, कराराने बांधलेला खर्च तेवढाच राहिला. २००३ मध्ये संघ आणि फुटबॉल लीगवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लागला: संघांची संख्या मुद्दाम कमी ठेवून शहरांना वेठीला धरलं जातं, असा आरोप. मुद्दा विचार करण्यासारखा होता. पण त्या कायद्याची मुदत चार वर्षांची, आणि करारावर सही होऊन सहा वर्षं झाली होती. २००७ मध्ये अपील न्यायालयानेही मुदतीवरच दावा फेटाळला.

मायामीत मार्लिन्स या बेसबॉल संघाच्या स्टेडियमविरुद्ध नॉर्मन ब्रॅमन या मोटारविक्रेत्याने २००८ मध्ये, म्हणजे वेळेत, दावा लावला. प्रयोजन खासगी आहे आणि मतदारांना विचारलं नाही, हे त्याचे मुद्दे होते. न्यायाधीशांनी प्रयोजन सार्वजनिक मानलं. नंतर कळलं की त्या पॅकेजमधल्या सुमारे ९.१ कोटी डॉलरच्या एका कर्जाची फेड २०४८ पर्यंत १.२ अब्ज डॉलरवर जाणार आहे, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं हप्ता न भरता व्याज मुद्दलात मिळवायचं ठरलं होतं. करारात एक चांगलं कलम होतं: दहा वर्षांच्या आत संघ विकला तर नफ्यातला वाटा शहराला आणि काउंटीला. २०१७ मध्ये संघ १.२ अब्जांना विकला गेला. करारातल्या ‘नफा’ या शब्दाच्या व्याख्येत कर्ज, कर आणि आधीच ठरवलेलं मोठं मूळ मूल्य वजा करायचं होतं. मालकाच्या हिशोबात नफा तर नाहीच, १४ कोटींचा तोटा निघाला. काउंटी न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये ४२ लाखांवर तडजोड झाली. लोकांचं खरं नुकसान व्याख्येच्या त्या परिच्छेदात झालं, आणि तो परिच्छेद सही व्हायच्या आधी कुणालाही वाचता आला असता.

याउलट भाडेकरारात नीट लिहिलेलं बंधन न्यायालयं पाळायला लावतात. २००१ मध्ये बेसबॉल लीग मिनेसोटा ट्विन्सचा संघ गुंडाळायला निघाली होती, तेव्हा भाडेकरारातल्या खेळण्याच्या बंधनावर न्यायालयाने मनाईहुकूम दिला आणि संघ वाचला. तिथे मालक पैसे टाकून मोकळा होऊ शकला नाही, कारण करारात नुसतं भाडं नव्हतं, प्रत्यक्ष तिथे खेळण्याचं वचन होतं.

‘मग कोर्टात जाऊन उपयोगच नाही’

वरचा मजकूर खोडला की लगेच ही दुसरी अफवा उगवते, म्हणून तिलाही उत्तर हवं. दावे यशस्वी होतात, पण ‘जनतेचा पैसा’ या मोठ्या मुद्द्यावर सहसा नाही. ते एखाद्या छोट्या, रुक्ष कायद्यावर यशस्वी होतात.

न्यूयॉर्कमध्ये सिटी फील्ड मैदानाच्या वाहनतळावर बाजारसंकुल उभं राहणार होतं. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते अडवलं, कारण ती जमीन उद्यानाची होती आणि विधिमंडळाच्या स्पष्ट परवानगीशिवाय उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. अनाहाइममध्ये एंजल स्टेडियम आणि भोवतालची जमीन सुमारे ३२ कोटींना विकण्याचा व्यवहार होता. वापरात नसलेली सरकारी जमीन आधी परवडणाऱ्या घरांसाठी देऊ करावी, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. तो पाळला नाही म्हणून राज्याने नोटीस काढली आणि ९.६ कोटी डॉलर घरांसाठी द्यायची तडजोड ठरली. त्यातच मे २०२२ मध्ये महापौरांविरुद्धची एफबीआयची चौकशी उघड झाली आणि नगरपरिषदेने व्यवहारच रद्द केला.

दाव्याचा दुसरा उपयोग वेळेचा आहे. रोखे विकताना ‘या रोख्यांविरुद्ध कुठलाही खटला प्रलंबित नाही’ असं प्रमाणपत्र आणि वकिलांचं निःशंक मत लागतं. खटला उभा असेल तर खरेदीदार थांबतात किंवा जास्त व्याज मागतात. मिनेसोटात जानेवारी २०१४ मध्ये व्हायकिंग्जच्या स्टेडियमसाठी ४६ कोटींहून अधिक डॉलरच्या रोख्यांची विक्री नागरिकांच्या अर्जामुळे लांबली. न्यायालयाने काही दिवसांतच अर्ज फेटाळले आणि विक्री झाली. मुद्दा कच्चा असेल तर उशीर फक्त दिवसांचा होतो. पण ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये २०११ साली मुद्दा पक्का होता. शहर हॉकी संघाच्या नव्या खरेदीदाराला वाहनतळाच्या हक्कांपोटी सुमारे दहा कोटी देणार होतं, त्यासाठी रोखे काढणार होतं. गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या संस्थेने टर्कन निकाल पुढे करून दावा लावण्याचा इशारा दिला. दावा दाखल व्हायची वेळच आली नाही. गिऱ्हाईक मिळेना आणि खरेदीदाराने जूनमध्ये माघार घेतली.

त्याच ग्लेनडेलने २०१३ मध्ये दुसऱ्या मालकांना रिंगण चालवण्यासाठी वर्षाला दीड कोटी द्यायचं कबूल केलं, पंधरा वर्षांसाठी. २०१५ मध्ये नगरपरिषदेने तो करार रद्द केला. त्यासाठी घटनेची गरज पडली नाही. शहराचा जुना कायदा अधिकारी नंतर संघाच्या नोकरीत गेला होता, आणि करार घडवण्यात मोठा भाग असलेला सरकारी माणूस समोरच्या पक्षाकडे गेला तर तीन वर्षांच्या आत करार रद्द करता येतो, असं राज्याचं हितसंबंधांचं कलम आहे. पुढे नवा करार झाला तो दोन वर्षांचा, वर्षाला ६५ लाखांचा.

अशा गोष्टी कागद मागितल्यावरच सापडतात. मसुदे, ईमेल, सल्लागारांचे अहवाल मागायला बहुतेक राज्यांत नागरिकत्व लागत नाही. व्हर्जिनिया आणि टेनेसीत मात्र माहिती मागण्याचा हक्क त्या राज्याच्या नागरिकांपुरता आहे, तिथे व्हिसावर असलेल्यांनी अर्ज शेजाऱ्याच्या नावाने करावा. मागायचं काय? रोखे कोण काढणार, फेड कुठल्या महसुलातून, वसुली कमी पडली तर कुणाच्या खिशातून, बांधकामाचा वाढीव खर्च कुणावर, मोठ्या दुरुस्त्या कुणावर, मुदतीआधी संघ गेला तर भरपाई किती आणि ती दरवर्षी कमी होत जाते का. भाडं अगदीच कमी दिसलं तर त्यामागे केंद्रीय करकायदाही असतो. १९८६ पासून, इमारतीचा खासगी वापर दहा टक्क्यांहून जास्त आणि रोख्यांच्या फेडीतही खासगी पैसा दहा टक्क्यांहून जास्त, असं दोन्ही झालं तर रोख्यांच्या व्याजावरची करमाफी जाते. वापर तर खासगी असणारच, म्हणून फेडीतला संघाचा वाटा मुद्दाम दहा टक्क्यांखाली ठेवला जातो. संघाने जास्त द्यावं अशी मागणी केली की अधिकारी ‘कायदा आडवा येतो’ म्हणतात, तो हा कायदा. त्यावरचं उत्तर सरळ आहे: करपात्र रोखे काढा आणि संघाकडून पूर्ण वसूल करा.

सिॲटलच्या लोकांनी दोन खटले हरल्यावर हीच वाट धरली. २००६ मध्ये त्यांनी ७४ टक्के मतांनी नियम करून घेतला: शहराने व्यावसायिक संघाच्या इमारतीत पैसा, जमीन किंवा सवलत घातली, तर त्यावर किमान तीस वर्षांच्या सरकारी रोख्याइतका परतावा मिळालाच पाहिजे, आणि ‘शहराचं नाव होतं’ यासारख्या गोष्टी परताव्यात धरायच्या नाहीत. त्याची किंमतही त्यांनी मोजली. बास्केटबॉलचा सोनिक्स संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला, भाडेकराराची दोन वर्षं उरली होती म्हणून शहराने दावा लावला आणि ४.५ कोटी डॉलर घेऊन सोडलं. त्याच जागेवर, जुनं छप्पर तसंच ठेवून, २०२१ मध्ये नवं रिंगण उघडलं. अब्जाहून अधिक डॉलरचा तो खर्च खासगी कंपनीने केला आणि इमारतीची मालकी शहराकडेच राहिली.